घाण्यापासून कारखान्यापर्यंत : चाकण, आळंदी व चिंचवड परिसरातील उद्योगधंद्यांच्या स्थानांचा विचार

आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा. चाकण हे गाव आपणां सर्वांस वंदनीय झाले ते श्रीसंत संताजी महाराज जगनाडे यांच्या जन्मामुळे. तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे महत्कार्य त्यांच्या हातून घडले, हे ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. तथापि सुदुंबरे येथील समाधीच्या दर्शनास चाकणवरून जाणाऱ्या आपल्या मंडळींना आज वाटेत जे दिसते ते काही निराळेच आहे. मालमोटारींच्या रांगा, नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन निघालेली लांबलचक वाहने, पत्र्याच्या अवाढव्य छपरांचे कारखाने आणि पाळी बदलताना लोटणारी कामगारांची गर्दी. ज्या गावात संतांचा घाणा फिरला त्या गावात आता मोटारी तयार होतात.

हा पालट कसा झाला? घाणा येथे का होता आणि तो का गेला? कारखाने येथेच का आले आणि ते येथेच राहतील काय? या प्रश्नांचा यथामति विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही पुष्कळ वर्षे प्राथमिक शाळेत भूगोल शिकविला. उद्योगधंद्यांच्या स्थानाचा पाठ आला की मुले जमशेदपूर, भिलाई ही नावे धडाधड म्हणून दाखवीत. परंतु शाळेच्या खिडकीतून दिसणारे धुराडे तेथेच का उभे आहे, हे विचारले की वर्ग गप्प होई. वडीलधाऱ्यांचीही स्थिती फारशी वेगळी नसते, आणि ज्यांनी या परिसरात जमीन विकली किंवा धंदा थाटला, त्यांना या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. म्हणून हा विषय केवळ शाळकरी नव्हे.

उद्योगांचे प्रकार

उद्योगांची वर्गवारी निरनिराळ्या दृष्टींनी करता येते. कच्च्या मालाच्या दृष्टीने पाहिले तर शेतमालावर चालणारे, वनांवर चालणारे, जनावरांपासून मिळणाऱ्या मालावर चालणारे आणि खनिजांवर चालणारे असे भेद पडतात. तेल, साखर व कापड हे पहिल्या वर्गातले; लोखंड, सिमेंट व काच हे शेवटल्या वर्गातले. आकाराने पाहता घरातल्या घरात चालणारा कुटीरोद्योग, थोड्या माणसांचा लघुउद्योग आणि हजारोंच्या पोटास लावणारा मोठा उद्योग. मालकीने पाहता खाजगी, सरकारी व सहकारी. सहकारी प्रकाराचे उदाहरण म्हणून प्रवरानगरच्या साखर कारखान्याकडे बोट दाखविता येईल. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी तो १९५० च्या सुमारास उभा राहिला.

धंदा कोठे बसावा हे ठरविणारी कारणेही मोजकीच आहेत. कच्चा माल, इंधन अथवा वीज, पाणी, जमीन, मजूर व कारागीर, दळणवळण, गिऱ्हाईक, भांडवल आणि सरकारचे धोरण ही ती होत. यांपैकी कोणते कारण प्रबळ ठरेल हे धंद्याच्या जातीवर अवलंबून असते. शंभर टन उसातून साखर निघते ती अवघी दहा-अकरा टन. म्हणून साखरेचा कारखाना उसाच्या शिवारातच उभा करावा लागतो. ऊस मुंबईस नेऊन तेथे साखर करू म्हणणारा मनुष्य नव्वद टन चोथा व पाणी वाहून नेण्याचे भाडे भरील. उलट पावाची भट्टी शहरात, गिऱ्हाइकाच्या दाराशी असते, कारण पीठ टिकते आणि पाव शिळा होतो.

घाणा गावातच का होता?

आता आपल्या घाण्याकडे वळू. शंभर किलो शेंगदाणे बैलघाण्यात घातले तर सुमारे चाळीस किलो तेल निघते. उरते ती पेंड. वरवर पाहता हाही वजन घटविणारा धंदा आहे, परंतु त्यात एक विशेष आहे. उसाचे चिपाड शेतकऱ्यास पूर्वी जळणापलीकडे फारसे उपयोगी नसे. पेंड मात्र त्याच्या गोठ्यातील बैलास व दुभत्या गाईस हवीच असे. तेव्हा बी गावातले, तेलाचे गिऱ्हाईक गावातले आणि पेंडीचे गिऱ्हाईकही गावातलेच. तिन्ही गोष्टी एका शिवेच्या आत मिळत असताना घाणा गावाबाहेर जाण्याचे कारणच नव्हते. मावळच्या डोंगरउतारावरील कारळे, पूर्वेकडील काळ्या रानातली करडई, खेड-जुन्नरकडचा भुईमूग आणि सर्वत्र थोडाबहुत पिकणारा तीळ, असा कच्चा माल या टापूत होता. शक्ती बैलाची आणि कारागिरी घरची. गावगाड्याच्या अलुतेदारांत तेल्याची गणना झाली ती याच कारणाने.

काही गावी मात्र गावच्या गरजेहून अधिक घाणे चालत. चाकण हे तसे गाव म्हणावयास आधार आहे. पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेवर ते वसले आहे, आणि जुन्नर म्हणजे नाणेघाटाने कोकणातील कल्याण-सोपारा या बंदरांशी जोडलेली सातवाहनकाळापासूनची पेठ. चाकणास भुईकोट किल्ला होता. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढे तो जवळजवळ दोन महिने लढविला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. जेथे वाट, पेठ आणि शिबंदी एकत्र येतात तेथे दिव्यास, मशालीस व स्वयंपाकास लागणाऱ्या तेलाचा खप सहजच वाढतो. म्हणजे गिऱ्हाईक, दळणवळण व कच्चा माल ही जी कारणे आज मोटारींच्या कारखान्यास लावतात, तीच आपल्या पूर्वजांच्या घाण्यासही लागू होती.

आळंदीचे उदाहरण याहून निराळे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८ म्हणजे इ. स. १२९६ मध्ये येथे समाधी घेतली. तेव्हापासून येथील धंदा यात्रेकरूंवर चालत आला आहे. तुळशीच्या माळा, टाळ, मृदंग, बुक्का, अष्टगंध, पेढे व प्रसाद विकणाऱ्यास कच्चा माल कोठून येतो याची फिकीर नसते. लाकूड लांबून येवो की पितळ लांबून येवो, वारकरी आळंदीसच येणार. सगळी कारणे हलविता येतात, समाधी हलविता येत नाही. म्हणूनच भोवताली एवढी उलथापालथ झाली तरी आळंदीचा हा बाजार जागचा हलला नाही.

घाणा का गेला?

ज्या कारणांनी घाणा गावात होता ती एकेक करून सुटत गेली. रॉकेल आले आणि दिव्याचे तेल गेले. आगगाडी आली आणि तेलबी स्टेशनाच्या गावी गोळा होऊ लागले. जळगाव, अकोला, लातूर अशा पेठांतून यंत्रावर चालणाऱ्या तेलगिरण्या निघाल्या. बैलघाण्याचा एक घाणा उतरावयास दीड-दोन तास लागत, तर गिरणी रात्रंदिवस चाले आणि पेंडीत तेलही कमी सोडी. पुढे वनस्पती तूप आले, त्यामागून शुद्ध केलेले डब्यातील व पिशवीतील तेल आले. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने सुधारलेला घाणा तयार करून या धंद्यास आधार देण्याचा स्तुत्य यत्न केला. परंतु ओघ उलटला नाही.

आज आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. इंडोनेशिया व मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिनाचे सोयातेल आणि काळ्या समुद्राकाठचे सूर्यफूल तेल. साहजिकच ते शुद्ध करणारे मोठे कारखाने कांडला, मुंद्रा अशा बंदरांजवळ आहेत. म्हणजे तेलाचा धंदा बुडाला असे म्हणणे बरोबर नाही. तो गावाकडून स्टेशनाकडे आणि स्टेशनाकडून बंदराकडे गेला. कच्चा माल ज्या वाटेने आला, त्या वाटेच्या तोंडाशी तो जाऊन बसला. बसून राहिले ते आपले घाणे. हा इतिहास ध्यानात ठेवून पुढील कारखान्यांचा विचार करावा.

चिंचवड-पिंपरीस कारखाने का आले?

या परिसरात लोखंडाची खाण नाही, कोळसाही नाही. तरी येथे यंत्रोद्योग फोफावला, याचे कारण एक नसून अनेक कारणांची साखळी आहे, आणि तिचा पहिला दुवा रेल्वे होय. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाट बांधून पुरा होताच मुंबई बंदर या पठाराशी थेट जोडले गेले. दुसरा दुवा लष्कराचा. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा आहे. लष्करी कारखान्यामुळे धातुकाम जाणणारे कारागीर या भागात पिढ्यान्पिढ्या घडत गेले. पुण्यास १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकीच्या वर्गातून पुढे मोठे महाविद्यालय उभे राहिले, त्याचाही वाटा मोठा.

स्वदेशीच्या काळात तळेगाव दाभाडे येथे निघालेला पैसाफंड काच कारखाना या मालिकेत आवर्जून सांगितला पाहिजे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून निधी जमविण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तीस पाठिंबा दिला आणि १९०८ साली रेल्वेच्या काठी तळेगावी तो कारखाना उभा राहिला. भांडवल हे धनिकाच्या तिजोरीतच असते असे नाही, ते लोकांच्या एकीतूनही निर्माण होते, हा धडा ज्ञातिसंस्थांनी विसरू नये.

विजेचा दुवा सह्याद्रीने दिला. लोणावळ्याच्या बाजूस पाणी अडवून ते खोपोलीस उतरविण्यात आले आणि १९१५ साली तेथे टाटांचे वीजगृह सुरू झाले. पाण्यातून वीज निघाली, परंतु मुळशीच्या धरणासाठी ज्यांची शेते बुडणार होती त्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापट यांच्यासमवेत सत्याग्रह केला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकार हे सर्वांत प्रबळ कारण ठरले. पिंपरीस सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषध वजनाने हलके व मोलाने भारी असते. त्यास वाहतुकीचे भाडे जड जात नाही. म्हणून असा कारखाना कोठे असावा हे खाण अथवा शिवार ठरवीत नाही, धोरण ठरविते. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईची गर्दी कमी करावी, तेथील उद्योग बाहेर न्यावे, हे धोरण होते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील जमीन बहुतांशी सपाट, मुरमाड व जिरायत होती. महामंडळाने ती संपादन करून रस्ते, पाणी व वीज यांसह भूखंड पाडले. आकुर्डीस बजाज आले. टाटांच्या मोटार कंपनीने १९६६ साली पुणे विभाग स्थापिला.

मोठा कारखाना एकटा येत नाही. मोटारीस हजारो सुटे भाग लागतात. स्प्रिंग, नट-बोल्ट, रबरी नळ्या, ओतीव व घडीव भाग हे सर्व एका छपराखाली होत नाहीत. ते पुरविण्यासाठी भोसरी-चिंचवडला लेथ, प्रेस व फौंड्री यांची शेकडो छोटी शॉप उघडली. एकदा अशी वस्ती जमली की तीच पुढील कारखान्यास ओढून घेते. ज्याला नवा कारखाना काढावयाचा तो म्हणतो, कारागीर येथे आहेत, जॉब वर्क येथे होते, बिघडलेला भाग तासाभरात मिळतो; मग दुसरीकडे का जावे? १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. चार गावांचे एका पिढीत महानगर झाले.

चाकण का, आणि पुढे काय?

पिंपरी-चिंचवडची जागा भरली, भाव चढले, जकात आली. तेव्हा त्या हद्दीबाहेरचे, नाशिक रस्त्यावरचे आणि तळेगावमार्गे मुंबईच्या वाटेस जोडलेले चाकण उद्योगांच्या नजरेत भरले. १९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला होऊन बंदर आणखी जवळ आले. २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकणला चालू झाले, पाठोपाठ महिंद्रचा आला. चाकणची पेठ कांद्याकरिता प्रसिद्ध आहे. तो बाजार आजही भरतो, परंतु चाकणचे नाव दूरदेशी गेले ते मोटारींमुळे.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगर येथे त्या कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला. त्या राज्यात नव्या उद्योगांना करसवलती होत्या. पिंपरीच्या पेनिसिलिन कारखान्याचे पूर्वीचे वैभवही राहिले नाही. कारखाना हा देव नव्हे की एकदा प्रतिष्ठापना झाली म्हणजे हलणार नाही. तो कारणांनी येतो आणि कारणे सरली की जातो. जुन्या शॉपच्या जागी कित्येक ठिकाणी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्या याची साक्ष देतात. तसेच कारणे जुळली तर तो परतही येतो. त्याच आकुर्डीत २०२२ साली विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा कारखाना सुरू झाला. परंतु विजेच्या गाडीस दट्ट्या, कार्ब्युरेटर, सायलेन्सर लागत नाहीत. ज्या शॉपचा सारा संसार इंजिनाच्या एकाच भागावर चालला आहे, त्याच्या मालकाने आपल्या आजोबांच्या घाण्याची आठवण ठेवावी.

पाणी व जमीन यांचा हिशेबही मांडला पाहिजे. पिंपरी-चिंचवड शहराची तहान पवना धरण भागविते. त्या धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. इंद्रायणीची स्थिती आळंदीकरांस सांगावयास नको. अलीकडील वर्षांत वारीच्या तोंडावर पात्रावर तरंगणारा पांढरा फेस सर्व महाराष्ट्राने पाहिला. वरच्या अंगाच्या शहरांचे व वसाहतींचे सांडपाणी खाली येते, आणि त्यातच भाविक स्नान करतात. उद्योगास पाणी हवे हे आम्ही वर्गात शिकविले; उद्योग ते पाणी परत कोणत्या रूपात सोडतो, हेही त्याच पाठात शिकविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. समाधी हलविता येत नाही हे खरे, परंतु तिच्या पायाशी वाहणारी नदी नासविता येते.

ज्ञातिबांधवांस विनंती

या विवेचनातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, जमिनीविषयी. भूसंपादनाचा अथवा विक्रीचा पैसा हा पिकाचा पैसा नव्हे. ते पीक पुन्हा येत नाही. त्यातून बंगला, मोटार व लग्नाचा थाट झाला की तो संपला. त्याचा काही भाग तरी मुलांच्या शिक्षणात आणि उत्पन्न देणाऱ्या साधनात गेला पाहिजे. दुसरी गोष्ट, मुलामुलींच्या शिक्षणाविषयी. कंत्राटी नोकरीवर गेटाशी उभे राहणे वेगळे आणि हातात कसब असणे वेगळे. कारखाना पंतनगरला जाईल, कसब तुमच्याबरोबर कोठेही येईल. जो मुलगा अथवा मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्र, वीज व संगणक हे तिन्ही शिकून बाहेर पडेल, त्याला किंवा तिला एका मोटारीच्या भवितव्यावर अवलंबून राहावे लागणार नाही. तिसरी गोष्ट, ज्यांना स्वतःचा धंदा काढावयाचा आहे त्यांच्याविषयी. जागा घेण्यापूर्वी स्वतःस विचारा : माझे गिऱ्हाईक कोण? माल कोठून येणार? ही जागा ज्या कारणाने आज चांगली आहे, ते कारण दहा वर्षांनी राहील काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्यावाचून कर्ज काढू नये.

शेवटी एक समाधानाची गोष्ट नमूद करतो. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या नव्या वस्त्यांतून अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने दिसू लागली आहेत. बैलाच्या जागी विजेची मोटार आहे, परंतु लाट तीच आणि वासही तोच. घाणा पुन्हा का आला? कारण डोळ्यांदेखत गाळलेले तेल अधिक दाम देऊन घेणारे गिऱ्हाईक आता शहरात आहे, आणि ते गिऱ्हाईक कारखान्यांनीच येथे आणून वसविले. घाण्याने गाव सोडले ते कारण सुटल्यामुळे, आणि तो शहरात आला तो नवे कारण सापडल्यामुळे. ही दुकाने चालविणाऱ्यांत आपल्या ज्ञातीची नावे अधिक असावीत, अशी आमची इच्छा आहे. पिढ्यान्पिढ्यांची पारख आपल्याजवळ आहे. कोणते बी तेलाचे, कोणते पेंडीचे, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना नुसत्या चिमटीने कळते. ती माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ही विद्या तरुणांनी घ्यावी आणि संताजी महाराजांप्रमाणे लिहून ठेवावी.

ज्ञातीतील सर्व कुटुंबांस आयुरारोग्य व भरभराट लाभो, अशी माउलींच्या व संताजी महाराजांच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.